ओपीडीची वेळ आणि एसटीची वेळ

सरकारी रुग्णालयातल्या केसपेपरवर शेवटी एक ओळ असते : ‘पुन्हा १५ दिवसांनी’. रक्तदाब असो, मधुमेह असो, फिट्स असोत की क्षयरोग, बहुतेक प्रत्येक कागदावर ती दिसते. औषधाचे नाव, मात्रा, जेवणाआधी की जेवणानंतर, हे सगळे नीट लिहिलेले असते. पंधरा दिवसांनी परत यायचे कसे, हे मात्र कोणी लिहीत नाही आणि सहसा कोणी विचारतही नाही. रुग्ण शहरातला असेल तर त्यावाचून फारसे अडत नाही. रुग्ण पासलीचा असेल तर उपचार तडीस जाणार की अर्ध्यावर सुटणार, हे बऱ्याच अंशी त्याच प्रश्नावर ठरते.

पासली हे वेल्हे तालुक्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या पश्चिमेकडचे गाव. तोरण्याच्या पलीकडे, केळदच्या आणि मढे घाटाच्या वाटेवरचा हा अठरागाव मावळचा भाग. भाताची खाचरे, विखुरलेल्या वाड्या आणि चार महिने कोसळणारा पाऊस. २०११च्या जनगणनेत संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार भरली. पुणे शहरातल्या दोन-तीन मोठ्या उपनगरांत याहून जास्त माणसे राहतात. पासलीहून वेल्हे, तिथून विंझर, मार्गासनी, नसरापूर फाटा, खेड शिवापूर, कात्रज आणि मग स्वारगेट, असा साधारण सत्तर किलोमीटरचा हा रस्ता. घाट, वळणे आणि वाटेवरचे थांबे धरले तर एसटीला अडीच-तीन तास सहज लागतात.

उतरंड कागदावरची

आपली सार्वजनिक आरोग्यसेवा पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली आहे. डोंगरी भागात साधारण तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, आणि सर्वांत वर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. पासलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, वेल्ह्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि पुण्यात १८६७ पासून ससून आहे. नकाशावर पाहिले तर पायऱ्या पूर्ण दिसतात.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. एका पायरीवरचा रुग्ण पुढच्या पायरीवर पोहोचेल, असे ती मानून चालते. तो कसा पोहोचेल हे आरोग्य खात्याच्या कक्षेत येत नाही, कारण बस हा परिवहनाचा विषय आहे. परिवहनाच्या हिशेबात रुग्ण हा वेगळा प्रवासी नसतो. तिथे तो एक तिकीट असतो. दोन खात्यांच्या मधल्या या मोकळ्या जागेतून अनेक रुग्ण गळतात.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधक स्त्रियांनी बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास मांडताना उशिराचे तीन टप्पे सांगितले. पहिला उशीर घरात होतो : दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ठरवण्यात. दुसरा वाटेत होतो : दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात. तिसरा दवाखान्यात होतो : पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात. आज ‘तीन उशीर’ ही कल्पना जगभर शिकवली जाते. पण या तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध बऱ्याचदा निसटतो. वाट कठीण आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो घरातच निर्णय लांबवतो. ‘बघू उद्या, कमी पडेल’ या वाक्यात अनेकदा अज्ञानापेक्षा बसचे वेळापत्रक अधिक असते.

रुग्णवाहिका आहे, पण ती एकदाच येते

यावर लगेच उत्तर येते : १०८ आहे की. ते खरेही आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा आहे. गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांसाठी २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात नेण्याची, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवण्याची आणि परत घरी सोडण्याची मोफत सोय आहे. या सेवांनी प्राण वाचवले आहेत, याबद्दल दुमत नाही.

पण रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगासाठी असते. आज ग्रामीण भागात वाढत असलेले आजार तातडीने सुरू होत नाहीत. ते वर्षानुवर्षे गुपचूप चालतात आणि एक दिवस तातडीचे होतात. रक्तदाबाच्या रुग्णाला गोळी चालू ठेवायला रुग्णवाहिका लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला जाता येईल अशी एक गाडी लागते. ती गाडी चुकत गेली, गोळी सुटली आणि लकवा झाला, की मग १०८ येते.

इथे अंतराचे गणित फार कठोर आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन लकवा झाला, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. पासलीच्या पलीकडच्या वाडीत पहाटे माणूस उठला आणि त्याचा हात उचलेना, तर गाडी मिळणे, वेल्हे गाठणे, पुणे गाठणे आणि स्कॅन होणे हे सारे साडेचार तासांत बसवणे जिकिरीचे आहे. त्याला लकवा नेमका कधी झाला हेच सांगता आले नाही, तर अडचण आणखी वाढते. याचा अर्थ सरळ आहे. मोठ्या रुग्णालयापासून माणूस जितका दूर, तितका त्याच्यासाठी प्रतिबंध महत्त्वाचा. आणि प्रतिबंध रुग्णवाहिकेने होत नाही, तो रोजच्या बसने होतो.

काही उपचार तर फेऱ्यांचेच बनलेले आहेत. कुत्रा चावल्यावर कातडीत देण्याच्या रेबीज लसीचे दिवस ठरलेले आहेत : पहिला दिवस शून्य धरून, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. म्हणजे चार वेळा केंद्रावर जाणे आले. जखम दुसऱ्या आठवड्यात भरून येते आणि चौथ्या फेरीचे महत्त्व वाटेनासे होते. त्यातून भातलावणी चालू असेल आणि गाडी बेभरवशाची असेल, तर ती फेरी राहूनच जाते. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी अनेकदा आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे जावे लागते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस लागते आणि ते आयुष्यभर चालते. पासलीच्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा त्यासाठी पुण्यालाच यावे लागले, तर वर्षाला १०४ फेऱ्या होतात. जाऊन-येऊन १४ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. निरोगी माणसालाही हा प्रवास झेपणार नाही. त्यात डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, पायात गोळे येत असतात आणि परतीच्या गाडीत बसायला जागा मिळेल याची खात्री नसते.

महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले. चांगला निर्णय. पण रुग्णाच्या खिशातून जाणारे सगळेच पैसे दवाखान्याच्या खिडकीवर जात नाहीत. भाडे, सोबत येणाऱ्याचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, दुपारचे खाणे हे सगळे त्या खिडकीबाहेरचे खर्च. वृद्ध आणि स्त्रिया सहसा एकट्या येत नाहीत. त्यामुळे एका रुग्णाच्या फेरीत दोन माणसांचा दिवस जातो.

शेवटचे पाच किलोमीटर

आता पासलीचा रुग्ण पुण्यात येतो तेव्हा काय होते, ते पाहू. बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागाचे मुख्य काम सकाळी चालते. केसपेपरची खिडकी दुपारच्या आत बंद होते. रक्ततपासणी उपाशीपोटी करायची असते, सोनोग्राफीचे क्रमांक सकाळीच संपतात. समजा एखादा रुग्ण पहाटे निघाला आणि नऊ-साडेनऊला स्वारगेटला उतरला. सत्तर किलोमीटर मागे पडले, उरले चार-पाच. ससून पुणे स्टेशनजवळ आहे. या शेवटच्या टप्प्यात त्याला शहराच्या सगळ्यांत गजबजलेल्या व्यापारी भागातून जायचे असते : एका बाजूला मंडई आणि लक्ष्मी रस्ता, दुसऱ्या बाजूला भवानी पेठेतला घाऊक बाजार, रामोशी गेट, क्वार्टर गेट आणि पलीकडे कॅम्प.

शहरातल्या बससेवेचा विचार होतो तेव्हा या बाजारपेठा एकमेकींना जोडण्याची भाषा होते. जुलै २०२१ मध्ये पीएमपीने ‘पुण्यदशम’ सेवा सुरू केली ती याच विचाराने. मध्यवर्ती पेठांतल्या गल्ल्यांतून जाऊ शकतील अशा लहान बस, दहा रुपयांत दिवसभर कितीही प्रवास, आणि ठरावीक मिनिटांनी गाडी. खरेदीला, कार्यालयाला, कोर्टाच्या कामाला येणाऱ्याने दुचाकी घरी ठेवावी हा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण बाजारांना जोडणारी बस नकळत दवाखान्यांनाही जोडते. शहराच्या जुन्या गाभ्यातच जुनी रुग्णालये आहेत, प्रयोगशाळा आहेत आणि औषधांची मोठी बाजारपेठही आहे. म्हणून अशा सेवेचे मूल्य ठरवताना किती गिऱ्हाईक बाजारात पोहोचले एवढेच मोजणे अपुरे आहे. किती रुग्ण खिडकी बंद व्हायच्या आत पोहोचले, हेही मोजायला हवे.

स्वारगेटहून स्टेशनकडे बस नाहीत असे मुळीच नाही. एसटीचे स्थानक आणि पीएमपीचा थांबा हाकेच्या अंतरावर आहेत. अडचण वेगळी आहे. गावाहून आलेल्या माणसाला कोणता क्रमांक ससूनला जातो हे ठाऊक नसते. पाटी वाचेपर्यंत गाडी हलते. गुडघे दुखणाऱ्या बाईला उंच पायरी चढवत नाही. दम्याच्या रुग्णाला गर्दीत दांडी धरून उभे राहणे जमत नाही. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून पुणे स्टेशनला जाता येते. ज्याला सवय आहे त्याच्यासाठी ही उत्तम सोय. पहिल्यांदाच शहरात आलेल्या, हातात एक्स-रेची पिशवी आणि सोबत म्हातारी आई असलेल्या माणसाला ती चटकन उमगत नाही. मग तो रिक्षा करतो. २०२२च्या दराने पाच किलोमीटरला मीटरवर ८०-८५ रुपये होतात. बसला याच अंतरासाठी दहा-वीस रुपये पुरतात. जाऊन-येऊन हा फरक सव्वाशे-दीडशेच्या घरात जातो. शेतमजुराच्या घरात हे पैसे म्हणजे पुढच्या फेरीचे भाडे.

म्हणूनच शहरी बस आणि ग्रामीण बस हे दोन स्वतंत्र प्रश्न मानणे चूक आहे. पासलीच्या रुग्णासाठी तो एकच रस्ता आहे. त्याचा पहिला टप्पा एसटीचा, शेवटचा पीएमपीचा. यातला कोणताही एक निसटला तर सगळी खेप वाया जाते. आणि एकदा वाया गेलेली खेप रुग्णाला पुढच्या वेळी घरीच थांबायला शिकवते.

तोट्याचा हिशेब कोणत्या वहीत?

ग्रामीण फेऱ्या तोट्यात जातात, हा नेहमीचा आणि पूर्णपणे खोटा नसलेला आक्षेप. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हापासून या गाडीने गावे जोडली. पण गाड्या जुन्या झाल्या, डिझेल महागले आणि कमी उत्पन्नाच्या फेऱ्यांवर पहिली कुऱ्हाड पडू लागली. २०२१-२२च्या लांबलेल्या एसटी संपात पीएमपीने शहराच्या हद्दीबाहेरही बस सोडल्या. लोकांना त्या सोयीच्या वाटल्या. संप मिटल्यावर, २०२२च्या नोव्हेंबरमध्ये, यातले काही ग्रामीण मार्ग एसटीच्या विनंतीवरून बंद झाले. कात्रज-विंझर हा त्यांपैकी एक. दोन्ही संस्थांची बाजू समजण्यासारखी आहे. एसटीला आपले प्रवासी गमवायचे नाहीत आणि दोन महापालिकांच्या पैशावर चालणाऱ्या पीएमपीने दूरच्या तालुक्याचा तोटा का सोसावा, हा प्रश्नही रास्त आहे. पण या वादात रुग्णाचा विचार करणारा पक्ष नव्हता. फेरी कोणाची, हे ठरवताना ती कोणत्या वेळेला दवाखान्यापाशी पोहोचते हे कोणी विचारल्याचे दिसले नाही.

तोट्याचा हिशेबही अर्धाच मांडला जातो. रिकामी धावलेली बस परिवहनाच्या वहीत लाल शाईने लिहिली जाते. ती बस बंद झाल्यामुळे सुटलेली गोळी, अर्धवट राहिलेला क्षयरोगाचा उपचार, उशिरा कळलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची नोंद त्या वहीत होत नाही. ती होते आरोग्य खात्याच्या वहीत, काही वर्षांनी, खूप मोठ्या रकमेने आणि वेगळ्या नावाने. लकव्याच्या एका रुग्णाचे अतिदक्षता विभागातले दिवस, त्यानंतर घरातल्या एका माणसाचे कायमचे अडकून पडणे, हे सारे बंद पडलेल्या फेरीच्या नावावर कधीच टाकले जात नाही.

सवलती आहेत, हे मान्य करायला हवे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत २०२२ पासून मोफत प्रवास आहे. स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. कर्करोग, क्षयरोग, डायलिसिस अशा रुग्णांसाठीही सवलती आहेत. यांचा ग्रामीण स्त्रियांना झालेला फायदा कोणत्याही स्थानकावर डोळ्यांना दिसतो. मात्र सवलतीला अर्थ येतो तो गाडी आली तर. न आलेल्या गाडीत अर्धे तिकीट आणि पूर्ण तिकीट सारखेच.

इतर देशांनी याचा विचार केला आहे. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवले, तर प्रवासखर्च परत देणारी योजना तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत आहे. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत तातडीच्या नसलेल्या वैद्यकीय प्रवासाची सोय हा हक्काचा भाग आहे. आपल्याकडे क्षयरोगाच्या कार्यक्रमात आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी एकरकमी ७५० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठे आहे : प्रवास हा उपचाराचा भाग आहे, हे सरकारने एका आजारापुरते मान्य केलेले आहे. तेच इतर दीर्घ आजारांना लागू करायला नवा सिद्धान्त लागत नाही.

बस सर्वांच्याच प्रकृतीला मानवते

बसचा फायदा फक्त दूरच्या रुग्णाला होतो असे नाही. व्यायाम हृदयाला जपतो, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पण त्याचा एक पहिला भक्कम पुरावा बसमधूनच मिळाला. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढून-उतरून तिकिटे फाडणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. दोघे एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण सारख्या परिस्थितीत काम करणारे. मोठा फरक होता तो हालचालीचा.

बसने जाणारा प्रवासी वाहकाइतके जिने चढत नाही, पण घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कचेरीपर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. दोन्ही वेळचे मिळून रोज तीस मिनिटे चालणे झाले, तर पाच कामाच्या दिवसांत ती पूर्ण होते, तीही व्यायामशाळेची फी न भरता. शिवाय एका बसमधले चाळीस जण चाळीस दुचाकींवर नसतात. त्यामुळे धूर कमी होतो, अपघात कमी होतात आणि रुग्णवाहिकेला वाट मिळते. मधुमेहाच्या शहरी रुग्णाला ‘चालायला जा’ असे सांगण्यापेक्षा ‘बसने जा’ असे सांगणे अनेकदा अधिक टिकाऊ ठरते, कारण कामावर तर जायचेच असते. शहरातल्या सुस्थित माणसाने बस वापरली, तर तिच्या दर्जाबद्दल बोलणारा आवाजही वाढतो; आणि त्याचा लाभ स्वारगेटला उतरलेल्या रुग्णालाही मिळतो.

काय करता येईल

सर्वांत आधी, अनावश्यक फेऱ्या कमी करायला हव्यात. जी फेरी टाळता येते तिच्यासाठी बस मागणे हा उपाय नव्हे. ज्याचा रक्तदाब काबूत आहे त्याला पंधरा दिवसांऐवजी एक-दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. पुढची तपासणी पासलीच्या केंद्रात किंवा वेल्ह्याच्या रुग्णालयात होऊ शकत असेल, तर ती तिथेच व्हावी आणि त्यासाठी तिथे औषधाचा साठा असावा. ई-संजीवनीवरून तज्ज्ञाचा सल्ला केंद्रात बसून घेता येतो. रेंज असेल तिथे तो घ्यावा. पण पोट तपासावे लागते, सोनोग्राफी करावी लागते, किरणोपचार द्यावे लागतात, तिथे फोन पुरत नाही. त्या फेऱ्या राहणारच, आणि त्या सुकर करणे हे आरोग्यसेवेचेच काम आहे.

रुग्णालयांच्या हातात असलेल्या काही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पुढची तारीख देण्याआधी ‘गाव कोणते, गाडी किती वाजता’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि केसपेपरवर गावाशेजारी लिहावेत. दूरच्या तालुक्यांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून त्या दिवशी हृदय, डोळे, मधुमेह, रक्ततपासणी ही कामे एकाच फेरीत उरकावीत. पन्नास-साठ किलोमीटरपलीकडून आलेल्यांसाठी केसपेपरची एक खिडकी तासभर जास्त उघडी ठेवावी. ज्याला शेवटची परतीची गाडी गाठायची आहे, त्याचा नंबर थोडा आधी घेतला तर रांगेतली माणसे सहसा हरकत घेत नाहीत. कारण विचारून घेतले एवढेच त्यांना पुरते.

परिवहनाच्या बाजूने, दुर्गम गावातली पहाटेची गाडी ही ओपीडीची गाडी मानली जावी. मुक्कामी एसटीचे मोल गावांना चांगले ठाऊक आहे : रात्री गावात थांबणारी गाडी पहाटे निघते, म्हणूनच ती भरवशाची असते. पासली-केळद भागात आणि अशा प्रत्येक टोकाच्या भागात निदान एक फेरी अशी असावी की तिने निघालेला माणूस तालुक्याच्या रुग्णालयात नऊच्या आत आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात दहाच्या आत पोहोचेल, आणि संध्याकाळी घरी परतेल. ही फेरी उत्पन्न कमी म्हणून रद्द होऊ नये. तिची तूट जिल्ह्याच्या आरोग्य निधीतून भरून काढावी. रुग्णवाहिकेकडून कोणी नफ्याची अपेक्षा करत नाही. मग रुग्णवाहिकेची वेळ येऊ नये म्हणून धावणाऱ्या गाडीकडूनच ती का करावी?

शहरात, स्वारगेट ते पुणे स्टेशन या बाजारपेठांतून जाणाऱ्या मार्गावर खालच्या पायरीच्या काही बसवर क्रमांकाइतक्याच मोठ्या अक्षरांत ‘ससून’ लिहावे. एसटी स्थानकातून बाहेर पडताच ती बस कुठे थांबते, हे दाखवणारी पाटी असावी. थांब्यावर बसायला जागा, सावली, पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह असावे. लघवी वाढवणारी गोळी घेणारे रुग्ण प्रवासाच्या दिवशी ती घेत नाहीत, याचे कारण अनेकदा एवढेच असते. एसटीच्या तिकिटावरच पुढचा पीएमपीचा प्रवास व्हावा, ही मागणी तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेली नाही. प्रश्न दोन संस्थांनी एका टेबलाशी बसण्याचा आहे.

ते टेबल नव्याने बनवायचीही गरज नाही. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठकीला एसटीच्या आगाराचा एक अधिकारी वर्षातून दोनदा बोलवावा. वेळापत्रक बदलण्याआधी त्याने समितीला विचारावे आणि ओपीडीची वेळ बदलण्याआधी समितीने त्याला. ग्रामसभांनीही दवाखान्याची इमारत मागताना गाडीची वेळ मागायला विसरू नये. इमारतीचे उद्घाटन होते, फोटो येतो. गाडी वेळेवर आल्याचा फोटो कोणी काढत नाही.

उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णासाठी वैद्यकीय कागदपत्रांत एक शब्द रुळला आहे : ‘डिफॉल्टर’. जणू दोष पूर्णपणे त्याचाच. अशा प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवून त्यात ‘गाडी होती का?’ एवढेच लिहायला सुरुवात केली, तरी पुष्कळ नावे त्या यादीतून निघतील. आणि जी उरतील, त्यांच्याशी औषधांच्या महत्त्वाबद्दल बोलण्याचा अधिकार आरोग्यसेवेला खऱ्या अर्थाने मिळेल.